फेरीमागे दोन सेकंद

२ फेब्रुवारी

चि. टिटवी,

आशीर्वाद चालत असतील तर ठेवून घे. नसतील तर पाकिटातच राहू देत. त्यांना वजन नसतं, टपालखात्याची हरकत नाही.

लिहिण्याचं प्रयोजन असं, की माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. मैदानावर दोनशे मीटरच्या खुणेपाशी जो बाक आहे, ज्यावर गेली सव्वीस वर्षं माझ्याखेरीज कोणी बूड टेकायचं धाडस केलेलं नाही, तो बाक कॉलेजने मला न विचारता हिरवा रंगवला. रंगवला तर रंगवला, 'रंग ओला आहे' अशी पाटी तरी लावावी. यावर कार्यालयाचा पूर्वपक्ष असा, की पाटी ठेवली होती आणि ती बाकावरच ठेवली होती. उत्तरपक्ष असा, की पहाटे साडेपाचच्या अंधारात जी पाटी बसल्यावरच कळते, तिला पाटी म्हणत नाहीत, सापळा म्हणतात. मी उठलो तेव्हा पाटीही माझ्याबरोबर उठली, हा मुद्दा त्यांनी मुद्दाम तीनदा काढला. तो अप्रस्तुत आहे.

फलश्रुती अशी, की माणसाच्या ज्या अंगाचं वर्णन सभ्य लिखाणात करत नाहीत, त्या जागी माझ्या एकुलत्या एक राखाडी पॅन्टवर तीन हिरवे पट्टे उमटले. पोरं म्हणाली, सर, तुमच्या मागे आता तीन लेन झाल्या. बायकोने टर्पेंटाइन चोळलं. पट्टे जागचे हलले नाहीत, मीच दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. शेवटी पॅन्ट पिशवीत घालून तुझ्या आईच्या दुकानी गेलो.

चौदा वर्षांत पहिल्यांदा. टीमच्या बनियनी, चड्ड्या, छातीवरचे नंबर अजून सगळं त्याच शिवतात. पण ते न्यायचं-आणायचं काम मामांकडे असतं. (आपले मैदानवाले मामा. सांधे धरलेत, पण चुन्याची रेघ अजूनही दोरीशिवाय सरळ ओढतात.) मी स्वतः का जात नव्हतो हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही.

तुझी आई तब्येतीने बरी वाटली. चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलाय. पट्टे बघून हसल्या नाहीत. हसू आलं होतं, पण तोंडात टाचण्या होत्या. म्हणाल्या, कापड चांगलं आहे सर, टाकू नका, उसवून उलट्या बाजूने शिवून देते. थोडं बोलणं झालं. तू अग्निशमन दलात आहेस, बंबावर असतेस, बरं चाललंय, असं समजलं. आनंद वाटला.

बाकी विशेष नाही.

— सर


७ फेब्रुवारी

चि. टिटवी,

उत्तर आलं नाही म्हणून हे दुसरं पत्र आहे असं समजू नकोस. टपाल चार दिवस खातं आणि तू चौदा वर्षं खाल्लीस. त्या हिशेबात हा आठवडा म्हणजे बडीशेप.

निवृत्ती जवळ आली म्हणून प्राचार्यांनी माझ्याकडून कारकिर्दीचा आढावा मागवला आहे. एक पान, समास सोडून. कुठल्याशा अहवालात छापायचा आहे. गेले तीन दिवस मी त्या कोऱ्या पानाकडे बघतोय आणि ते माझ्याकडे बघतंय. काय लिहू? या कॉलेजात मी आलो तो संस्कृत शिकवायला. पहिल्या वर्षी विद्यार्थी सात, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी एक. तो एकही वर्ग चुकून आला होता, पण स्वभावाने भिडस्त, त्यामुळे वर्षभर उठून जाऊ शकला नाही. त्यानंतर विभागाने डोळे मिटले. तेव्हाच्या प्राचार्यांनी माझी फाइल चाळली. त्यात अर्जावर 'छंद : धावणे' असं मी ऐन विशीतल्या अविचाराने लिहून ठेवलं होतं. त्यांनी मला एक शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि मामा दिले. तिघांपैकी मामाच तेवढे चालू स्थितीत होते.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला उभा राहतोय. चुना, शिट्टी, बसमध्ये उलट्या करणाऱ्यांसाठी पिशव्या, कोणाच्या नडगीवर बर्फ, कोणाच्या बापाची समजूत. पोरगं जिंकलं तर ते त्याच्या रक्तातच होतं. हरलं तर प्रशिक्षण कमी पडलं. तीन वर्षांनी ते निघून जातं, तेवढ्याच वयाचं दुसरं येऊन उभं राहतं, आणि त्यालाही तेच सांगायचं : खांदे सैल, हनुवटी खाली, पहिल्या फेरीत शौर्य नको. थकलोय बये. गुडघे नव्हेत, ते कधीच थकले. तेच ते बोलून जीभ थकली आहे. हे वाक्य आढाव्यात बसत नाही.

नीट पाहिलं तर माझी सगळी विद्या एवढीच : दोनशेच्या खुणेपाशी उभं राहायचं, पोर समोरून गेलं की मोठ्याने आकडा सांगायचा. ही फेरी ब्याऐंशी. ही चौऱ्याऐंशी. धावणाऱ्याला स्वतःचा वेग कळत नाही, त्याला फक्त स्वतःचा दम कळतो. वेग त्याला बाहेरून सांगावा लागतो. तुमच्या वेळी मनगटावर घड्याळ घालायला माझी बंदी होती, आठवतं? घड्याळ बघायला मान वळते आणि लय मोडते, असं मी सांगत असे. ते खरं होतं. सोयीचंही होतं.

तू आलीस त्या दिवशी भालाफेकीचा एक आडदांड पोरगा चालता चालता तुझ्या लेनमध्ये घुसला आणि तू अशी ओरडलीस की भाला त्याच्या हातून गळला. मामा चुना टाकता टाकता म्हणाले होते, "टिटवी आहे, सर. अंड्याजवळ कुणाला फिरकू द्यायची नाही." नाव त्यांनी ठेवलं, चिकटवलं मी. रजिस्टरातलं तुझं नाव नंतर तीन वर्षं कोणी घेतलं नाही.

आकड्यांबद्दल काही लिहायचं म्हणून बसलो होतो. आता पान भरलं.

— सर


१२ फेब्रुवारी

चि. टिटवी,

पॅन्ट मिळाली. तुझ्या आईने आतली बाजू बाहेर काढून अशी शिवली आहे की शोधूनही शिवण सापडत नाही. पट्टे आता आत आहेत. माझे मलाच माहीत.

पॅन्ट मामा घेऊन आले. मी गेलो नाही. कारण पुढे येईल. आधी मुंगीबद्दल.

मुंगी पहिल्या वर्षाला आहे. तुझ्यासारखीच पाच हजार मीटर धावते, उंची तुझ्या कोपराएवढी. बोलते कमी, खाते पुष्कळ आणि कधी थकते ते चेहऱ्यावर दिसत नाही. तिच्या आत्याने तिला ते हल्लीचं घड्याळ दिलंय. ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं. पाप-पुण्याचीही सोय असावी. माझी बंदी आता उरलेली नाही. सगळ्यांच्याच मनगटावर घड्याळं आहेत, आणि सगळ्या गावाने मोडलेला नियम एकट्या म्हाताऱ्याने पाळायला लावणं हास्यास्पद दिसतं.

मंगळवारी तिच्या आठ फेऱ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे आकडे सांगत होतो. फेऱ्या संपल्या, तिने कमरेवर हात ठेवून श्वास जुळवला आणि सरळ बाकापाशी आली.

"सर, शेवटच्या फेरीला तुम्ही एक्क्याऐंशी म्हणालात. त्र्याऐंशी होते."

मी म्हटलं, अंगठा आधी पडला असेल.

"पाचव्या फेरीलाही दोन कमी होते. सहाव्यालाही."

मी म्हटलं, हे स्टॉपवॉच तुझ्या जन्माआधीचं आहे, त्याचा मान ठेव. ती हसली नाही. आधी माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. उद्धटपणा अजिबात नव्हता. तेच जास्त लागलं.

"कमी नका सांगू, सर. मला खरं चालतं."

एवढं बोलून पाणी प्यायला गेली. मामा पलीकडे उंच उडीची दोरी गुंडाळत होते. मान वर केली नाही, पण दोरी थांबली.

तुला म्हणून सांगतो : मी कमी सांगतोय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. जीभ आपोआप दोन वजा करून बोलत होती. सराईत चोराचा हात रिकाम्या खिशातही जातो म्हणतात, तसं.

गेले तीन दिवस 'मला खरं चालतं' हे तीन शब्द डोक्यात फेऱ्या मारताहेत. तुला चालतं का, हे मी कधी विचारलंच नाही.

पुढचं लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले. तुझ्या आईने तुझा फोन नंबर दिला आहे, तो लावला नाही. फोनवर मी गोड बोलतो. तेवढीच कला मला येते. कागदावर निदान आकडा खोडला तर खोडलेला दिसतो.

— सर


१६ फेब्रुवारी

टिटवी,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तुझ्या आईशी थोडं बोलणं झालं. ते थोडं नव्हतं. पॅन्ट उलटीसुलटी करून बघता बघता त्या अर्धा तास बोलल्या आणि मी उभ्याने ऐकलं.

तुझ्या केंद्राचे प्रमुख निवृत्त होताहेत, ती जागा तुला देऊ केली आहे, होय की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे, आणि तू नाही कळवणार आहेस. सात वर्षं तू उपप्रमुख आहेस. गोदामाला आग लागली तेव्हा दोनदा आत शिरून दोन माणसं बाहेर काढलीस, त्याचं कात्रण त्यांनी मशीनच्या खणातून काढून दाखवलं. फोटोत हेल्मेटखाली नुसती हनुवटी दिसते. मी ओळखली. वर होती; खाली ठेव म्हणून तीन वर्षं ओरडलो तरी. मी विचारलं, मग ही नाही का म्हणते? तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि तुझे शब्द सांगितले.

"म्हणते, आई, दुसऱ्याच्या हाताखाली मी बरी असते. खरी वेळ आली की माझं मन बसतं. सरांनी तेव्हाच ओळखलं होतं."

आणि माझे आभार मानले. म्हणाल्या, "बरं झालं सर, तुम्ही तिला वेळेवर सांगितलंत. नाहीतर पोरगी कुठेतरी तोंडघशी पडली असती."

मला चहा विचारला होता. न घेता निघालो. म्हणून पॅन्ट आणायला मामांना पाठवलं.

आता जे लिहायचं ते एका दमात लिहितो. मी तुला तीन वर्षं खोटे आकडे सांगितले. फेरीमागे दोन सेकंद कमी.

सुरुवात तुझ्या पहिल्या हिवाळ्यात झाली. तुला सर्दी होती, पाय ओढत होतीस, चेहरा पडला होता. फेरी अठ्ठ्याऐंशीची आली. माझ्या तोंडून शहाऐंशी निघालं. का, ते सांगता येत नाही. दया म्हण, आळस म्हण, त्या सकाळी तुझा रडवेला चेहरा बघायचा नव्हता म्हण. ते ऐकून तुझे खांदे खाली आले आणि पुढची फेरी तू खरोखर शहाऐंशीत काढलीस. मला वाटलं, औषध सापडलं. दुसऱ्या दिवशी तोच डोस दिला. आठवड्याभराने लक्षात आलं की आता थांबता येत नाही. ज्या दिवशी खरं सांगेन, त्या दिवशी तुला वाटेल आपण एका रात्रीत मंद झालो. म्हणून खोटं चालू ठेवलं. तीन वर्षं चालू ठेवलं. वैद्याला जशी रोग्यापेक्षा औषधाची काळजी पडावी, तसं झालं माझं.

शर्यतीत मात्र घड्याळ पंचांच्या हातात असे. ते वजाबाकी करत नसत.

पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. फेरीमागे दोन, म्हणजे पूर्ण अंतराला पंचवीस सेकंद. महिन्यातून एकदा आपण पूर्ण अंतराची चाचणी घेत असू, आठवत असेल. दुसऱ्या वर्षी चाचणीत मी तुला सतरा मिनिटं पंधरा सेकंद सांगितले. आठवड्याने शर्यतीत तू सतरा-बावीस धावलीस. तू हिशेब केलास : सरावापेक्षा सात सेकंद हळू. शर्यतीत आपल्याला काहीतरी होतं. पुढच्या शर्यतीत तसंच. त्यापुढच्या शर्यतीतही. तू मला एकदा विचारलंस, सर, मी घाबरते का? मी म्हणालो, सगळेच घाबरतात. किती समंजस उत्तर. त्या चाचणीत तू खरी किती धावली होतीस सांगू? सतरा-चाळीस. शर्यतीत तू सरावापेक्षा अठरा सेकंद पुढे होतीस.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघासाठी झालेल्या निवड-शर्यतीचंही तेच. त्याआधीच्या चाचणीचा मी सांगितलेला आकडा सतरा-एक. खरा सतरा-सव्वीस. शर्यतीत तू सतरा-नऊ धावलीस, आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, आणि चौथी आलीस. तिघींना घेणार होते. तिसरीत आणि तुझ्यात एक सेकंद होता.

मग तू बाकापाशी आलीस आणि मी ते वाक्य म्हणालो. सगळी टीम होती, पालक होते, मामा होते. "पाय तयार आहेत तुझे, टिटवी. मनच ऐन वेळी बसतं."

ते मी चिडून म्हणालो नाही, हे सगळ्यात वाईट. मला ते खरं वाटत होतं. सतरा-एक हा आकडा मी स्वतःच बनवला होता, पण तीन वर्षं मोठमोठ्याने तसलेच आकडे सांगून माझाच त्यांच्यावर विश्वास बसला होता. मला खरोखर वाटत होतं की ही पोरगी सतरा-एक धावू शकते आणि आज कच खाल्ली. तू बनियनच्या टोकाने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बरोबर आहे, सर." वाद नाही, रडणं नाही. बूट काढलेस, नाड्या एकमेकींत बांधल्यास, जोडी बाकावर ठेवलीस आणि अनवाणी गेलीस.

घरी येऊन मी माझ्या दुसऱ्या वहीत नोंद करायला बसलो. दोन वह्या होत्या. एक तुम्हा सगळ्यांना दाखवायची, एक माझी, खऱ्या आकड्यांची. चोरालाही आपला माल कुठे आहे ते माहीत असावं लागतं. सतरा-सव्वीसच्या खाली सतरा-नऊ लिहिलं, आणि तेव्हा दिसलं. तेव्हाच तुझ्या घरच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. दुकानातून मशीनचा आवाज येत होता. परत फिरलो. वाटलं, पोरगी तरुण आहे, विसरेल. वाक्य विसरली नाहीस, मला तेवढं विसरलीस.

— सर


२१ फेब्रुवारी

टिटवी,

या पत्राबरोबर ती दुसरी वही पाठवतो आहे. काळं पुठ्ठ्याचं बाइंडिंग, कोपरा उंदराने खाल्लेला. उंदराचा या प्रकरणाशी संबंध नाही. तुझी पानं बत्तीस ते एकोणसत्तर. डावीकडे चाचण्यांचे खरे आकडे, उजवीकडे त्यानंतरच्या शर्यतीची वेळ. शर्यतींच्या वेळा तुझ्या प्रमाणपत्रांवर छापलेल्या आहेत, ती आईकडच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्या माझ्या हातच्या नाहीत, ताडून बघ. तीन वर्षांत अकरा शर्यती. अकराही वेळा तू सरावापेक्षा पुढे. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून कितीतरी पोरं गेली. खऱ्या वेळी एकदाही मागे न पडलेलं असं दुसरं नाही. तुझं मन बसत नव्हतं. ते शर्यतीतच उठायचं.

प्रमुख हो, असं मी सांगत नाही. माझ्या सांगण्यावरून पुष्कळ झालं. तुला ती जागा नको असेल, कागदपत्रांचा कंटाळा असेल, बंबातली आपली सीट आवडत असेल, तर खुशाल नाही कळव. पण ते नाही तुझ्या कारणासाठी असू दे. माझ्या एका वाक्यासाठी नको.

मुंगीला आता खरे आकडे सांगतो. सुरुवातीला जीभ अडखळायची. आकडा तोंडात आला की एकदा थांबून तपासून बाहेर सोडतो, त्यामुळे पोर पाच मीटर पुढे गेलेली असते आणि तिला मान वळवून ऐकावं लागतं. काल तिची फेरी पंच्याऐंशीची आली. पंच्याऐंशी म्हटलं. तिने नुसती मान हलवली आणि पुढची त्र्याऐंशीत काढली. इतकं सोपं होतं ते.

आढावाही लिहून दिला. सात ओळी. प्राचार्य म्हणाले, सव्वीस वर्षांच्या मानाने फारच त्रोटक वाटतो. मी म्हटलं, सूत्ररूप आहे. भाष्य दुसरीकडे पाठवलंय.

हे पत्र बंद करण्याआधी मामांना वाचून दाखवलं. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. चाचणीच्या दिवशी दुसरं घड्याळ त्यांच्याच हातात असायचं. मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, तुम्ही शिकलेले. मला वाटलं, पुस्तकात तसं असेल. मग वही हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "सर, ही तुम्ही काल बसून लिहिली नाही, हे तिला कुणी सांगायचं?"

मग त्यांनीच माझं पेन मागून घेतलं आणि शेवटच्या पानावर आपल्या हाताने लिहिलं : 'आकडे खरे आहेत. दुसरं घड्याळ माझ्याकडे होतं.' खाली सही केली. दोन ओळींना त्यांना दहा मिनिटं लागली. पण तू सिनेमाला गेलेली असताना 'ग्राउंडवरच आहे हो ताई' म्हणून तुझ्या आईला किती वेळा याच मामांनी सांगितलंय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुझ्यासाठी ते आजही खोटं बोलतील. तेव्हा त्यांची साक्षही धरायची तेवढीच धर.

आज पहाटे बाकावर बसून होतो. रंग वाळलाय. मला निवृत्तीची काळजी नाही, गुडघ्यांची नाही, तू माफ करशील की नाही याचीही फारशी नाही. न केलंस तर ते रास्तच होईल. काळजी एकाच गोष्टीची आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी तीन वर्षं तुला आकडे सांगितले. आज पुन्हा आकडेच सांगतोय, आणि तेही ऐकून बरं वाटावं असेच आहेत. या वेळी ते खरे आहेत. ते तुला कसं कळेल, मला माहीत नाही.